पहिलं बाळंतपण माहेरी

सहार विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या अधिकाऱ्याने दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या कडेवरच्या मिहिरकडे, आणि हसून म्हणाला, "आजी ब्रिटिश आणि नातू इंडियन? बहुतेक वेळा उलटं असतं."

"उलटंच झालंय सगळं," मी म्हटलं.

त्याला गंमत वाटली. त्याने शिक्के मारले, मिहिरच्या गालाला बोट लावलं आणि आम्हाला पुढे सोडलं. परक्याने हात लावलेला मिहिरला खपत नसे. त्याने माझ्या पदराला गाल खसाखसा पुसला. नव्वद सालचा एप्रिल होता, मिहिर दीड वर्षाचा होता आणि मी त्याला त्याच्या आईकडे पोचवायला निघाले होते.

हे उलटं कसं झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचा प्रवास समजेल. माझे यजमान डॉक्टर. लग्नाच्या आधीपासून ते विलायतेतल्या इस्पितळांत नोकरी करत होते आणि तिथलं नागरिकत्वही घेऊन बसले होते. लग्नानंतर मी गेले, यथावकाश मीही ब्रिटिश झाले. पण दिवस राहिले तेव्हा सरळ उठून पुण्याला आले, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचार करण्यासारखं काही असतं, असं आमच्यात कुणाच्या मनातही आलं नाही. शलाका पुण्यात जन्मली, मग लंडनमध्ये ईलिंगला आली आणि तिथेच वाढली. जन्मताना ती दोन्ही देशांची होती, पुण्यात जन्मली म्हणून भारताची आणि वडिलांमुळे ब्रिटनची. ईलिंगातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "पोरगी नशीबवान आहे हो, दोन्हीकडची आहे." भारत दोन नागरिकत्वं चालू देत नाही. त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट वापरता वापरता तिचं भारतीयपण कधी गळून गेलं ते कळलं नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्याला परतलो आणि दोन वर्षांत ते गेले. शलाका तिकडेच राहिली. केंब्रिजला संशोधन करणारा सोलापूरचा अविनाश तिने पसंत केला. तो भारताचा नागरिक. तिला दिवस राहिले तेव्हा तीही रजा काढून आली, कारण आता माहेर पुण्यात होतं. डोहाळजेवण, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं यथासांग झालं. आणि पोर हातात आल्यावर मग कळलं की वडिलांकडून मिळालेलं ब्रिटिशपण देशाबाहेर एकच पिढी उतरतं. शलाका बाहेर जन्मलेली, तिचा मुलगाही बाहेर जन्मला, म्हणून साखळी तिथे तुटली. ती तिच्या घराजवळ, हाउन्सलोच्या इस्पितळात बाळंत झाली असती तर प्रश्नच नव्हता. वर्षाच्या आत अर्ज केला तर आजोबांच्या नावावर काही वाट निघते, हेही आम्हाला कुणीतरी सांगितलं, पण वर्ष उलटल्यावर.

शलाकाची रजा संपली. अविनाशला तिथे राहायची परवानगी मिळाली होती तीही तिच्यामुळे, म्हणजे तिला तिथे असणं भाग होतं. मिहिर भारतीय मुलगा म्हणून आईबापांकडे जाऊ शकतो, दोन-तीन आठवड्यांत त्याचे कागद होतील, असं सगळे म्हणाले. तेव्हा तिने चार महिन्यांचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती गेली. कागद व्हायला वर्ष लागून गेलं. तोवर मिहिर बसायला, रांगायला, चालायला माझ्याजवळ शिकला आणि मला आई म्हणायला लागला.

विमानात मी डब्यातून मऊ भात आणि मेतकूट नेलं होतं. डबा उघडल्याबरोबर आजूबाजूच्या चारसहा लोकांनी माना वळवल्या. पलीकडच्या इंग्रज बाईंनी "काय छान वास आहे" असं म्हणत खिडकीकडे तोंड केलं. मिहिरने निम्मा भात खाल्ला, निम्मा त्यांच्या चपलेवर सांडला. मग माझ्या पदराचा काठ दोन बोटांत चोळत तो झोपून गेला. त्याची झोपायची तीच रीत होती. लुगडं नवं असेल तर चालत नसे, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळच लागे. त्यामुळे मी विलायतेला निघाले होते ते घरातलं सगळ्यात जुनं पातळ नेसून, आणि मला पाहून शलाका काय म्हणेल याची मला काळजी लागली होती. तेवढीच काळजी करणं सोपं होतं.

हीथ्रोला सकाळी उतरलो. ढग अगदी डोक्यावर आलेले, दिवस उजाडलाय की नाही ते कळू नये असा उजेड. पुढे दोन रांगा होत्या. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची भराभर सरकत होती, दुसरी भिंतीला वळसा घालून मागे जिन्यापर्यंत गेलेली होती. पायांनी सवयीने मला पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट बघून मान हलवली, मग मिहिरचा उघडला.

"बाई, ही रांग तुमची आहे, याची नाही," तो नम्रपणे म्हणाला. "याला पलीकडे जावं लागेल. तुम्ही हवं तर इथून बाहेर पडू शकता."

"आणि हा एकटा चालत जाईल?" मी विचारलं.

तो ओशाळला. आम्ही दोघं जिन्यापाशी जाऊन रांगेच्या शेपटाला उभे राहिलो. या देशात मी वीस-बावीस वर्षं काढली, इथे मतं दिली, कर भरले, नवऱ्याने इथल्या म्हाताऱ्यांची मूत्रपिंडं सांभाळली. तरी ब्रिटिश झाल्यापासून मी त्या रांगेत पहिल्यांदाच उभी होते. मला राग आला होता, पण कुणावर काढावा ते सुचत नव्हतं. पुढचा पंजाबी म्हातारा मागे वळून मिहिरला आपल्या काठीचं टोक दाखवत राहिला, म्हणून रांग कशीबशी सरली.

या खिडकीत चष्मेवाल्या पोक्त बाई होत्या. त्यांनी कागद नीट वाचले. आई कोण, ती बरोबर का नाही, मूल इतके दिवस कुणाकडे होतं, असं एकेक विचारलं. मी उत्तरं देत होते. तेवढ्यात मिहिर कंटाळला आणि माझी हनुवटी धरून ओरडायला लागला, "आई, घरी! आई!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तो तुम्हाला काय म्हणतोय?"

"आई," मी म्हटलं.

"आई म्हणजे?"

"ग्रँडमदर," मी म्हटलं.

आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरं केली, इथल्या दुकानांत, शाळांत, यजमानांच्या पेशंटांसाठी. इतकं खोटं कधी केलं नव्हतं. बाईंनी हसून तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि शिक्का मारला.

बाहेर कठड्यापाशी शलाका उभी होती. ती विमानतळाजवळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत काम करते. ड्युटीवरून तशीच आली होती, निळ्या कोटात, छातीवर नावाची पट्टी. पोट दिसत होतं. पाचवा महिना लागला होता, हे तिने मला फोनवर सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही हात पुढे केले. मिहिरने तिच्याकडे नीट, परक्या पाहुण्याकडे बघतात तसं बघितलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं.

"ही इज टायर्ड," शलाका म्हणाली. "इट्स ओके. हॅलो, मिहिर. मी मम्मी आहे." मग माझ्याकडे वळून, "किती मोठी झाला ना तो, आई?"

शलाकाच्या मराठीची हीच तऱ्हा. ती पाच वर्षांची होती तेव्हा मी सुधारायची. त्या दिवशी मी फक्त हो म्हटलं.

हाउन्सलोला त्यांचं छोटं घर आहे. एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग, भिंतींवर बारीक खडीचा गिलावा, मागे चिंचोळी बाग आणि वरून, अगदी धुराड्यांना घासून जातात असं वाटावं इतक्या खालून, विमानं. काचा थरथरतात, बोलणारे वाक्याच्या मध्येच थांबतात, विमान गेलं की तिथूनच पुढे बोलायला लागतात. मिहिर पहिले काही दिवस विमान आलं की पळत येऊन माझ्या पायांना मिठी मारी. शलाका हात पसरून "कम टु मम्मी" म्हणत जवळच बसलेली असे.

तिने त्याच्यासाठी काय काय केलं होतं! वरची लहान खोली पिवळ्या रंगाने रंगवली होती. कॉट (कठडे असलेला लहान मुलांचा पलंग) आणला होता, छताला कागदी ससे टांगले होते. मिहिर त्या खोलीत गेला की दारातच मागे वळून मी आहे ना ते बघायचा. कॉटमध्ये ठेवला की कठडा धरून असा आकांत करायचा की शेजारच्या भिंतीवर टकटक व्हायची. शेवटी रोज संध्याकाळी मी त्याला माझ्या अंथरुणावर घ्यायची आणि पदराचा काठ त्याच्या बोटांत द्यायची. शलाका दारात उभी राहून बघायची. मग खाली जाऊन ती भांडी घासायला लागायची, घासलेलीच पुन्हा.

"तो माझा बाळ आहे, राइट?" एकदा तिने मला विचारलं. अगदी खरंच विचारलं, जणू मी नाही म्हणू शकले असते.

तिकडच्या बागेत माझी ब्रीजिट नावाच्या आयरिश म्हातारीशी ओळख झाली. ती पुशचेअर (बाबागाडी) ढकलत नातीला घेऊन यायची. आमची हकिकत ऐकून ती चक्रावली. "माझ्याकडे दोन्ही आहेत," ती म्हणाली. "आयरिश आणि ब्रिटिश. कुणी कधी काही विचारलं नाही. इकडे पेन्शन, तिकडे भावाच्या शेजारी पुरायची जागा. तुमचं सरकार का नाही देत?" याचं उत्तर मला देता येईना. मी तिला मिहिरच्या डब्यातला शिरा दिला. तिने तो बोटाने चाटून खाल्ला आणि "यात काय काय घालता?" म्हणून विचारलं. ते उत्तर सोपं होतं.

एका रविवारी ईलिंगला कुसुमकडे गेलो. कुसुम माझी जुनी मैत्रीण, तिचे यजमान डॉक्टर कुलकर्णी माझ्या यजमानांबरोबरचे. घर तेच, खिडकीतली तुळस तीच, कढीही तीच, जरा जास्तच गोड. जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी त्यांचा आवडता विषय काढला. भारताने दुहेरी नागरिकत्व द्यायलाच हवं. स्वतःच्या गावी जायला व्हिसा काढायचा, ही काय रीत झाली? दोन्हीकडे मत देता येईल, गावी शेत घेता येईल, म्हातारपणी कुठे राहायचं ते ऐनवेळी ठरवता येईल.

"खरं आहे, भाऊ," मी म्हटलं. मला स्वतःला पुण्यात पोलीस आयुक्तांच्या कचेरीत परदेशी म्हणून नोंद करावी लागते. ज्या चौकात मी लहानपणी लंगडी खेळले, तिथेच ती कचेरी आहे. "पण मला एक सांगा. भारताने दिलं असतं, तर मिहिरला काय मिळालं असतं?"

डॉक्टर म्हणाले, "मिहिर भारतीय तर आहेच."

"मग?"

"मग काही नाही," ते हळूच म्हणाले. "त्याला दुसरं द्यायचं ब्रिटनने. आणि ते दिलं नाही, कारण तो भारतात जन्मला."

"माझ्या दोन्ही सुना इथेच बाळंत झाल्या बाई," कुसुम म्हणाली. "त्यांच्या आया आल्या इकडे. विमलताई, तुला तेव्हा सुचलं नाही का गं?"

"आम्हाला कुणालाच सुचलं नाही," मी म्हटलं. कुसुमच्या बोलण्यात खोच नव्हती, तरी ते लागलं. शलाका त्या वेळी मिहिरला चमच्याने श्रीखंड भरवायला बघत होती आणि तो ओठ घट्ट मिटून बसला होता. माझ्या हातात चमचा आल्याबरोबर त्याने तोंड उघडलं. शलाकाने वाटी माझ्यापुढे सरकवली. "तूच दे," ती म्हणाली, आणि सगळ्यांकडे बघून हसली. मला ते हसणं बघवलं नाही.

घरी येताना बसमध्ये ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "हा बेबी इथेच होणार. काही करायचं नाही, ही विल जस्ट बी ब्रिटिश. एक ब्रिटिश, एक इंडियन, सेम हाउस. हाउ सिली इज दॅट, आई?" मग खिडकीबाहेर बघत, "आणि हा बेबी मला ओळखेल. फ्रॉम द स्टार्ट."

पुढच्या शनिवारी आम्ही केंब्रिजला गेलो. अविनाश आठवडाभर तिथेच एका खोलीत राहून शनिवार-रविवारी घरी येई. या वेळी म्हणाला, तुम्हीच या, मिहिरला बदकं दाखवू. पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाडीने पार लंडनच्या मध्यापर्यंत आणि पुढे रेल्वेने. वाटेत पिवळ्याजर्द फुलांची शेतं लागली, सपाट, मोहरीसारखी, नजर पोचेल तिथवर. केंब्रिज मी पूर्वीही पाहिलं होतं. जुन्या दगडी कमानी, कातरलेली हिरवळ, त्यावर पाय ठेवायला बंदी, सायकलींवरून झगे उडवत जाणारी पोरं. नदीकाठी विलो झाडांच्या डहाळ्या पाण्यात लोळत होत्या. ऊन पडलं होतं. अविनाशने पाव आणला होता, आणि मिहिर बदकांना तुकडे टाकताना पहिल्यांदाच मोकळा हसला. शलाका त्याच्या मागे मागे होती. मी मुद्दाम लांब बाकावर बसले होते. वाटलं, जमतंय.

नदीकाठची वाट खडबडीत दगडांची. मिहिर एका बदकामागे धावला आणि गुडघ्यावर पडला. शलाका त्याच्यापासून दोन हातांवर होती. ती पोट सावरत तिथल्या तिथे खाली बसली आणि तिने हात पसरले. "ये, ये, माझा राजा." गुडघा फुटून रक्त आलं होतं. मिहिर उठला, तिच्याकडे आला, आणि तिच्या पसरलेल्या हाताच्या खालून वाकून पुढे गेला. भोकाड पसरून, "आई, आई" करत, लंगडत, सबंध वाट चालत तो माझ्या बाकापाशी आला.

मी काय करणार? उचलला. त्याच्या डोक्यावरून मी समोर बघितलं तर शलाका अजून तशीच बसलेली, हात पसरलेले. मग तिने हात खाली घेतले आणि पावाची पिशवी उचलून तिची घडी करायला लागली, आत पाव होता तरी. अविनाश तिला उठवायला गेला. "आय ॲम फाइन," ती म्हणाली. त्या क्षणी मला त्या पोराचा इतका लोभ वाटला आणि स्वतःचा इतका संताप आला, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचंच नवल वाटलं.

परतीच्या गाडीत शलाका डोळे मिटून होती. अविनाश हलक्या आवाजात म्हणाला, "आई, तुम्ही आता बाळंतपण करूनच जा. व्हिसाची तर तुम्हाला अडचण नाही. इथे तुम्ही हवं तितकं राहू शकता."

अडचण तीच होती. मला इथे कुणी जा म्हणू शकत नव्हतं. जावं लागणार होतं ते मला आपणहून.

सोमवारी मी तिकीट अलीकडचं करून घेतलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात शलाकाला सांगितलं. ती बीन्सचा डबा उघडत होती. तिने तो खाली ठेवला.

"बट द बेबी! तूच सांगतेस, बाळंतपणाला आई पायजे. आता माझी टर्न आली, तर तू जातोस?"

"एकदा केलं की मी तुझं बाळंतपण. त्याचं काय झालं ते दिसतंय."

"तो तुझा फॉल्ट नाही."

"फॉल्ट कुणाचा ते जाऊ दे. मी या घरात आहे तोवर तू त्याची मावशी आहेस, शलाका. मी गेले की तो रडेल, फेकाफेक करेल, पण शेवटी कुणाकडे जाईल? तू आहेस ना समोर."

"ही विल हेट मी."

"करेल काही दिवस."

विमान आलं. ते गेल्यावर ती रडायला लागली, आणि मी तिला जवळ घेतलं. माझी पोर होती ती. तिला माझी गरज होती, आणि तिच्या पोरालाही होती, आणि दोघांचं भलं मी तिथून निघण्यात होतं. डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवले. आळीव कुठल्या दुकानात मिळतो ते लिहून दिलं. आईने करायचं ते सगळं करून मी फक्त स्वतःला वजा केलं.

जुनं पातळ धुतलं नाही. तसंच घडी करून शलाकाच्या हातात दिलं. "झोपवताना अंगावर घे," मी सांगितलं. "नेसता नाही आलं तरी खांद्यावरून सोड. वास माझा असेल, माणूस तू असशील."

निघायच्या दिवशी अविनाश म्हणाला, मिहिरला मी बागेत नेतो, त्या वेळात तुम्ही निघा. मी नाही म्हटलं. पळून जाणं मला मान्य नव्हतं. सकाळी टॅक्सी दाराशी आली. शलाका जीन्सवर, खांद्यावरून माझं पातळ घेऊन, मिहिरला कडेवर घेऊन उभी होती. ती इतकी वेडीविद्री आणि इतकी माझ्या आईसारखी दिसत होती की मी मान फिरवली. मिहिरला वाटलं, मी त्याला घेऊनच निघाले आहे. त्याने माझ्याकडे झेप घ्यायला हात वर केले.

"येते हं," मी म्हटलं. घरातून निघताना आपण जाते म्हणत नाही. टॅक्सीत बसले, दार लावलं, आणि मग त्याला कळलं. त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता. तिथे एक विमान आलं.

मुंबईला उतरले तर पुन्हा दोन रांगा. मी परदेशी नागरिकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, पाठीवर पिशव्या लावलेल्या गोऱ्या पोरांच्या मागे. एक शिपाई धावत आला. "आजी, इकडे कुठे? आपली रांग तिकडे आहे."

"माझी हीच," मी म्हटलं आणि त्याला पासपोर्ट दाखवला. त्याने तो बघितला, माझ्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे आणि पातळाकडे बघितलं आणि परत गेला. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "भारतात कुणाकडे उतरणार?"

"माझ्या घरी," मी म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं.

पुण्याचं घर उघडलं तर मिहिरचा लाकडी पांगुळगाडा दारातच होता. मी तो उचलून माळ्यावर टाकायला हवा होता. टाकला नाही. आयुक्तांच्या कचेरीत जाऊन परत आल्याची नोंद केली, किराणा आणला, भिंतीला ओल आली होती ती दुरुस्त करून घेतली. शलाकाचा फोन दर रविवारी यायचा. पहिल्या रविवारी मागे मिहिरचा आक्रोश ऐकू येत होता आणि ती स्वतःही रडत होती. दुसऱ्या रविवारी म्हणाली, पातळ घेतलं की जवळ येतो, नाहीतर नाही. तिसऱ्या रविवारी काही कारणाने फोन लागलाच नाही.

मग लागला तेव्हा तिचा आवाज इतका हलका होता की माझा जीव भांड्यात पडला.

"आई, इट्स सो मच बेटर! हेल्थ व्हिजिटर आली होती, घरी येऊन बेबी बघते ती सरकारी नर्स. ती म्हणाली, ते साडी आता बंद करा, अनहायजिनिक आहे. मग मी मशीनमध्ये टाकला. त्यानंतर त्याने घेतलाच नाही. स्मेल केला आणि खाली टाकला."

"मग झोपतो कसा?"

"स्वतः! त्याच्या कॉटमध्ये. मी ठेवते, लाइट बंद करते, दार लावते. रडत नाही, काही नाही. मला बोलवत नाही, कुणाला बोलवत नाही. शी सेड, ही इज व्हेरी इंडिपेंडंट फॉर हिज एज."

"आणि दिवसा? पडला-बिडला तर?"

"पडला तर उठतो." तिला अभिमान वाटत होता. "आई, तू खूश नाहीस का?"

"आहे की," मी म्हटलं. "तू जेवतेस ना वेळेवर? लाडू संपले का?"

फोन ठेवला. माझ्याकडून तो सुटला, तर तिच्याकडे जाईल, एवढ्या हिशेबावर मी ते घर सोडून आले होते. दोन देशांत मिळून मी पुष्कळ पोरं वाढताना पाहिली, हट्टी, रडकी, आईच्या मागे मागे फिरणारी. पण गुडघा फुटला तरी कुणालाच हाक न मारणारं दीड वर्षाचं पोर मी कुठल्याच देशात पाहिलं नव्हतं.